मसाल्याच्या डब्यातली निळी गोळी

आमच्या घरात प्रत्येकाचा स्वतःचा टॉवेल आहे, स्वतःचं ताट आहे, आणि आता तर स्वतःचा मोबाइलही आहे. स्वतःची गोळी मात्र कुणाला ठेवता येत नाही. गोळ्या सासूबाईंच्या.

स्वयंपाकघरात काचेच्या झाकणाचा नवा मसाल्याचा डबा आला, तेव्हा जुना स्टीलचा सात वाट्यांचा डबा त्यांनी मोडीत घालू दिला नाही. घासूनपुसून त्याचा दवाखाना केला. मोहरीच्या वाटीत आमच्या ह्यांची बीपीची गोळी. हळदीची वाटी कितीही घासली तरी पिवळीच राहिली, तीत सासूबाईंची साखरेची. जिऱ्याच्या वाटीत माझी थायरॉइडची. बाकीच्या वाट्यांत कॅल्शियम, तापाची, गॅसची. सगळ्या गोळ्या पट्टीतून सोलून, कारण "पट्टी वाटीत मावत नाई." नाव-गाव नाही, तारीख नाही. पांढरी लहान, पांढरी मोठी, गुलाबी, आणि तुटकी. सकाळी चहाआधी सासूबाई डबा घेऊन ओसरीवर बसायच्या आणि आम्ही तीर्थ घ्यावं तसा हात पुढे करायचो.

मी बी.ए. आहे. बचत गटात बायकांना स्वच्छतेवर भाषण देते. तरी मीही हात पुढे करायची. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी रिकाम्या पोटी घेता ना?" मी हो म्हटलं. थोडं जिरं असतं हे सांगितलं नाही. मध्यंतरी ह्यांना बीपीच्या जागी कॅल्शियम चालू होतं. बीपी वाढलेलं निघालं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पण हाडं पाहा ना त्याचे!"

डब्यातली मधली, सातवी वाटी रिकामी होती. ती भरली धाकट्या दिराच्या गोळीनं.

हे भाऊजी घरातलं शेंडेफळ. मी लग्न होऊन इथं आंजी गावात आले तेव्हा शाळेत होते, माझ्या पदराआड लपून मार चुकवायचे. आता पस्तिशी आली. वर्ध्यात पंपाच्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात काम करतात, रोज मोटरसायकलनं जाऊन येतात. जळालेली मोटार त्यांच्या हातात आली की गुरगुरायला लागते. फक्त लग्न काही लागत नव्हतं. आर्वीची मुलगी उंच, देवळीची बुटकी, एक फार बोलकी, एक मुकी. मी प्रत्येक वेळी पाव्हण्यांसाठी पोहे केले. पोहे कुणी नाकारले नाहीत एवढंच समाधान.

एका रविवारी सासूबाईंनी त्यांची फळी आवरायला घेतली. पोराची फळी आवरणं म्हणजे आमच्याकडे छापाच असतो. सदऱ्यांच्या मागं पांढरी बाटली सापडली, आत निळ्या लांबट गोळ्या. सासूबाईंनी बाटली रिकामी करून गोळ्या सातव्या वाटीत ओतल्या आणि बाटलीत सांबाराचं बी भरून ठेवलं. सांबार म्हणजे पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात ती.

संध्याकाळी भाऊजी घरी आले. वाटी पाहिली. हेल्मेट डोक्यावरच राहिलं.

"काय होय रे हे?" सासूबाई. "तब्बेत बरी नाई का तुयी?"

"काई नाई माय. व्हिटॅमिन आहे. ताकदीची."

असं आमच्या घरात बोलायचं नसतं. दुखण्याची गोळी निदान दुखणं असलेल्याला मिळते. व्हिटॅमिन म्हटलं की ते सगळ्यांचं झालं. सासूबाईंनी पोराकडे नव्यानं पाहिलं. केस काळे. सर्दी नाही. भरलेलं पोतं एकटा उचलतो. हे सगळं त्या निळ्या गोळीचं, आणि हा एकटाच खाऊन राह्यला होता!

दुसऱ्या सकाळी माझ्या तळहातावर थायरॉइडच्या शेजारी निळी गोळी. "घे. तोंड पाह्य कसं उतरलं तुयं." मी घेतली. खोटं कशाला बोलू, मला इतकी तरतरी आली की मी त्या दिवशी घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या. ह्यांनाही मिळाली. शेजारी राहणारे आमचे काकासासरे, सत्तरीचे, पहाटे चहाला येतात, त्यांनाही मिळाली. काकाजींनी गोळी चिमटीत धरून उजेडात पाहिली, रंग पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आताच खा ना, पाणी देतो," सासूबाई म्हणाल्या.

"नाई वो वैनी. रोज नोको देत जाऊ. मले शनवारची देत जा."

निळ्या गोळीचा काकाजींनी काय अर्थ लावला ते मला कळलं आणि मी तोंडात पदर कोंबून सरळ गोठ्यात गेले. सासूबाईंना कळलं नाही. दर शनिवारी त्या काकाजींना प्रेमानं आठवण करत राहिल्या. काकूही अलीकडे सकाळी गुणगुणत अंगण झाडायच्या. आता त्यात किती गोळीचं आणि किती आशेचं, कोण सांगणार?

भाऊजी हे सगळं रोज पाहत होते. त्यांना स्वतःच्याच गोळीसाठी रांगेत उभं राहावं लागे आणि कधी कधी सासूबाई म्हणत, "तू धट्टाकट्टा आहे, तुले कायले पाह्यजे रोज? आज वैनीले देतो." बघता बघता वाटीचा तळ दिसायला लागला.

मग एका दुपारी मी वावरात मिरच्या तोडत होते, तिथं ते आले. दुकान सोडून भरदुपारी आले म्हणून मी आधीच घाबरले.

"वैनी, तुम्ही किती गोळ्या खाल्ल्या?"

"मोजल्या नाई. काऊन?"

ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले. "ते व्हिटॅमिन नोहोय. एचआयव्हीची गोळी होय."

माझ्या हातून मिरच्यांची अर्धी पाटी सांडली. हा शब्द मी दवाखान्याच्या भिंतीवर वाचला होता, बचत गटाच्या शिबिरात ऐकला होता. घरात आला तो असा. सुशिक्षित बाईला अशा वेळी काय सुचायला पाहिजे? मला रडू आलं. मी मिरच्यांच्या हातांनी डोळे पुसले.

त्यानंतर काही वेळ एचआयव्ही वगैरे सगळं मागे पडलं. मी आंधळी होऊन वाफ्यात नाचत होते आणि भाऊजी माझा हात धरून मला पंपाच्या नळीकडे ओढत होते. माझं डोकं त्यांनी पाण्याखाली धरलं आणि तशातच, मी कुठं पळू शकत नाही याची खात्री झाल्यामुळे असेल, आयुष्यभराचं बोलून टाकलं.

"मले झाला नाई, वैनी. होऊ नये म्हणून घेतो मी ते गोळी. आपण पेरायच्या आधी बियाण्याले औषध लावतो ना, तसं."

"पाणी! उजव्या डोळ्यात टाका!"

"टाकून राह्यलो. ऐका ना. मले पोरी नाई आवडत. पुरुष आवडतात. लहानपणापासून. नागपूरच्या डॉक्टरनं तपासून देल्ली गोळी. रोज घ्या लागते."

मी नळीखालून डोकं काढलं. डोळे टोमॅटोसारखे झाले होते. आता वहिनीनं काहीतरी मोठं, समजूतदार बोलावं असा तो क्षण होता. मी म्हणाले, "मंग त्या आर्वीच्या पोरीच्या वेळी मी दोन किलो चिवडा काऊन केलता?"

ते आधी हसले. मग हसता हसता त्यांचा चेहरा बिघडला आणि ते पंपाच्या पेटीकडे तोंड करून उभे राहिले. मी ओल्या पदरानं त्यांची पाठ पुसली. पाठ कोरडीच होती, पण मला दुसरं काही सुचेना.

बसल्यावर ते म्हणाले, "बंदच करतो आता. घरात ठेवता येत नाई, दुकानात शेठचा पोरगा खिसे तपासते. वाटी रिकामी झाल्यापासून घेतली पण नाई."

"अन् कोणाले भेटता का तुम्ही?"

त्यांनी ढेकूळ उचलून फोडलं. म्हणजे भेटत होते.

कुणाला काय आवडतं ते मला समजायला वेळ लागणार होता, पण हे लगेच समजलं. हा पोरगा आमच्या लाजेपायी औषध सोडणार आणि उद्या खरंच दुखणं घेऊन येणार. ते होऊ द्यायचं नव्हतं. "तुम्ही बाटली आणा," मी म्हणाले. "ठेवायचं माह्यावर सोडा." या वाक्यानंतर आमच्या घरात सहसा नुकसान होतं.

नवी बाटली आली. मी ती माझ्या कपाटात ठेवली आणि युक्ती अशी केली, की सासूबाईंनी विचारायच्या आतच सांगून टाकलं, "हे माह्या गोळ्या होय, आई. बायकांच्या." बायकांचं म्हटलं की आमच्याकडे पुरुष विचारत नाहीत. पण सासूबाई बाईच आहेत हे मी विसरले. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझं वय अठ्ठेचाळीस.

"रक्त जास्त जाते का? मंग सांगा लागत नाई का मले?" संध्याकाळपर्यंत बाटली सातव्या वाटीत आणि डिंकाचे लाडू परातीत. आणि सकाळी त्या माझ्यासमोर उभ्या. "गीळ. मी पाहून राह्यली."

मी गोळी गालात दाबली, मान हलवली आणि न्हाणीकडे निघाले. वाटेत काकू भेटल्या. काकूंना काकाजींबद्दल बरंच सांगायचं होतं. त्या बोलत राहिल्या आणि गोळी विरघळत राहिली. इतकी कडू चीज मी जन्मात चाखली नव्हती. आत आले तर सासूबाई म्हणाल्या, "जीभ काढ." काढली. निळी. "लागू पडून राह्यली," त्या समाधानानं म्हणाल्या.

भाऊजी दाराआडून पाहत होते. त्यांनी कपाळाला हात लावला आणि वर्ध्याला फोन केला.

वर्ध्यात एचआयव्हीचं काम करणाऱ्या एका संस्थेचं छोटं केंद्र आहे, तिथल्या समुपदेशक ताईंना. त्यांनी सगळं ऐकलं म्हणे, मग फोन बाजूला ठेवून खूप वेळ हसल्या, आणि परत फोन घेऊन गंभीर झाल्या. ही गोळी रक्त तपासल्याशिवाय कुणी घ्यायची नसते. चार गोळ्यांनी सहसा काही होत नाही, पण ज्यांनी खाल्ल्या त्या सगळ्यांना घेऊन या. कुणाला मूतखडा, किडनीचं काही असेल तर नक्की.

काकाजींना मूतखडा होऊन गेला होता.

मी आधी ह्यांना सांगितलं, सगळं. आमचे हे फार बोलत नाहीत. ऐकून घेतलं, उठले, मोटार चालू केली, वांग्यांना पाणी सोडलं, परत आले. "म्हणजे आता पोरी पाह्याले जायचं नाई ना?"

"नाई."

"बरं झालं. मले त्या पोह्यानं गॅस होते." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "त्याले म्हणा, औषध बंद करू नोको."

सासूबाईंना मात्र एवढंच सांगितलं, की ती गोळी सगळ्यांची नसते, ज्यांनी खाल्ली त्यांनी रक्त तपासायचं. त्या भडकल्या. "माह्या हातचं खाऊन कोणी मेलं का आजपर्यंत?" काकाजी म्हणाले, "वैनी, मायं तर उलट झालं." शेवटी आपल्या दवाखान्याची अब्रू राखायला सासूबाई इरकली लुगडं नेसून निघाल्या. भाजी उतरवलेल्या टेम्पोत पुढं त्या आणि काकाजी, मागं रिकाम्या क्रेटमध्ये आम्ही. सासूबाईंच्या मांडीवर डबा. पुरावा म्हणून.

केंद्र झेरॉक्सच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. ताई दारातच उभ्या होत्या. उंच, चष्मा, सुती साडी, आवाज जाडसर. सासूबाईंनी पाहिलं, परत पाहिलं. कुठल्याही अनोळखी माणसाला त्या विचारतात तेच विचारलं, "तू कोणाची व माय? गाव कोणतं?"

"अल्लीपूरची, आई. आधी अल्लीपूरचा होतो, आता अल्लीपूरची आहो." ताई हसल्या. "पारलिंगी म्हणतात आमाले. घ्या, बसा. पंखा लावू का?"

"अल्लीपूरले माह्या मावसबहिणीचं घर आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यावर ओळख पक्की झाली.

ताईंनी विचारलं, "कोणी कोणी गोळी खाल्ली? हात वर करा."

मी केला. ह्यांनी केला. काकाजींनी अर्धा केला. मग सासूबाईंनीही केला.

"आई, तुम्ही पण?"

"मंग! चाखून पाह्यल्याशिवाय मी कोणाले औषध देत नाई."

ताईंनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं, की त्या हसू आवरत आहेत. मग एकेकाला आत नेऊन त्यांच्या सहकाऱ्यानं रक्त घेतलं आणि बाहेर ताईंनी सांगायला सुरुवात केली. एचआयव्ही एका ताटात जेवल्यानं होत नाही, टॉवेलनं होत नाही. निरोध न वापरता संबंध आला, दुसऱ्याची सुई टोचली, तर होऊ शकतो. ही गोळी झालेल्यावरचा इलाज नाही, होऊ नये म्हणून आहे. रोज घेतली तर कामाची. मधेच सोडली तर नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि तरीही निरोध वापरायचाच, कारण बाकीचे रोग ही गोळी थांबवत नाही.

"अन् हे कोणाले द्या लागते?" सासूबाईंनी विचारलं. व्यावसायिक उत्सुकतेनं. डबा मांडीवर, झाकणावर हात.

ताईंनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मान हलवली. सांगा.

"ज्याले जास्त धोका आहे त्याले, आई. जोडीदाराले एचआयव्ही असला तर. पुरुषांसंग संबंध ठेवणारे पुरुष. आमच्यासारख्या बाया. आमचे लोक दवाखान्यातच जात नाई ना. आता मलेच पाहा, मी सरकारी दवाखान्यात गेली का मायी लाइन बायांची का माणसांची, हे ठरेपर्यंत दवाखाना बंद होते. मंग लपून राह्यतात, अन् कळते तेव्हा उशीर झालेला असते."

पंखा कुरकुरत फिरत होता. सासूबाई पोराकडे वळल्या.

"मंग हे गोळी तुयी होती?"

"हो, माय."

"तुयीच?"

"हो."

मला वाटलं आता त्या रडतील, किंवा डबा फेकतील. त्यांनी झाकण उघडलं, सातवी वाटी पाहिली, बंद केलं. आणि असा आवाज लावला की खालचं झेरॉक्सचं मशीन थांबलं.

"भैताडा! तुयं औषध मी गावाले वाटून राह्यली होती, अन् तू समोर उभा राहून पाहून राह्यला होता? तोंड नव्हतं का तुले? ते काकाजीले देल्लं मी! काकाजीले कोणता धोका आहे?"

"वैनी, हळू," काकाजी म्हणाले.

"अन् त्या दिवसांत तुले काही झालं असतं मंग?" आवाज मधेच फाटला. त्या उठल्या, पदर डोक्यावर ओढला आणि चहा न घेता जिना उतरून गेल्या. डबा खुर्चीवरच.

काकाजी मात्र मागे रेंगाळले. ताईंच्या जवळ जाऊन, मला ऐकू येणार नाही अशा समजुतीनं म्हणाले, "मॅडम, म्हणजे त्या शनवारी... ते या गोळीनं नोहोय?"

"नाई काकाजी. ते गोळी वेगळी असते. हे जे काही झालं ते तुमचं तुमचंच."

काकाजी जिना उतरले ते छाती काढून. पुढं महिनाभर ते काठी विसरत.

आमचे सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले. काकाजींची किडनीसुद्धा. भाऊजींचाही निगेटिव्ह, पण मधे गोळ्या चुकल्या होत्या, म्हणून काही आठवड्यांनी परत तपासणी, तोवर निरोध, आणि डॉक्टरला विचारून गोळी पुन्हा चालू. ताईंनी त्यांना हे तीनदा बजावलं.

डबा मी उचलून घरी आणला होता, पण सासूबाईंनी दवाखाना बंद केला. सकाळी ओसरीवर बसेनात. "ज्याची त्यानं खा," एवढंच. पहिल्या दिवशी ह्यांनी माझी थायरॉइडची घेतली आणि मी तापाची. माझ्याशी त्या मिठापुरतं बोलायच्या. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुले माईत होतं?" मी हो म्हटलं. "सगळ्यांले माईत असते. मीच भैताड." तव्यावरची भाकरी करपली, त्यांनी उलटली नाही. परत एकदा, "लोक काय म्हंतीन?" मी म्हटलं, "आई, लोक काकाजीबद्दल म्हणून राह्यले सध्या." त्या हसल्या नाहीत. हसू यायला हवं होतं त्यांना, नेहमी येतं.

आणि भाऊजींनी नागपुरात खोली पाहिली. मला मागच्या अंगणात सांगितलं. मी विचारलं, "तिथं गोळी घ्याल ना रोज?"

"पाहू, वैनी. तिथं कोण इचारणार आहे?"

हेच मला नको होतं. इथं विचारणारे जास्त म्हणून बंद आणि तिथं विचारणारं कुणी नाही म्हणून बंद. मी सासूबाईंना सांगायला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा लसूण सोलून परत आले.

खोलीचा ताबा घ्यायला निघायच्या सकाळी मेथी काढली होती. उजाडायच्या बेताला अंगणात मेथीचा ढीग, आम्ही जुड्या बांधत होतो. भाऊजी बॅग घेऊन बाहेर आले, चपला घालू लागले. सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "खोली पाह्यली म्हणे."

"हो."

"एकटाच राह्यशीन?"

भाऊजी थांबले. "एक जण आहे, माय. तो येईन कधी कधी."

मी सुतळी दातात धरली. ह्यांनी बादली उचलली होती ती उचललेलीच.

"काम काय करते?"

"शाळेत शिकवते. हिंगणघाटकडला आहे."

"शेती आहे का?"

"माय, त्याच्यासंग मायी सोयरीक जुळवून राह्यली का तू?"

"इचारलं त्याचं सांग." जुडी बांधून झाली, दुसरी घेतली. "तो घेते का गोळी?"

भाऊजी गोंधळले. "नाई. तो म्हंते, आपल्याले काई होत नाई."

"काऊन? त्याले माय नाई का?"

"आहे. तिले माईत नाई त्याचं."

सासूबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पोराकडे सरळ पाहिलं. "मंग त्याले सांग, आधी रक्त तपास म्हणा. न तपासता घ्यायची नसते, त्या अल्लीपूरच्या बाईनं सांगितलं. तू गेल्ता का परत तपासाले?"

"सोमवारी आहे."

"मी येतो संग. तिच्याकडचा चहा राह्यला माह्या." मग एकदम रागानं, "अन् खोलीबिली काही नाई. मले अजून समजलं नाई हे सगळं, समजेपर्यंत तरी नजरेसमोर राह्य. लोकाईचं मंग पाहू. बस आता, एवढी मेथी पडली आहे, बाजाराची गाडी येईन."

भाऊजी बॅग धरून तसेच उभे. ह्यांनी बादली खाली ठेवली आणि सरकून पोत्यावर जागा केली. भाऊजी बसले. नाक ओढत त्यांनी एक जुडी बांधली. ढिली, नेहमीसारखी. सासूबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, सोडली आणि पुन्हा आवळून बांधली.